वडखळच्या फाट्यावर

वडखळला रस्ता फुटतो. पेणहून येणारी गाडी उजवीकडे वळली की पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबागला समुद्रापुढे उभी राहते. न वळता नागोठण्याकडे निघाली तर भिसेखिंडीतून रोह्याला येते आणि तिथून समुद्र गाठायला आणखी बराच वेळ घेते. दिवाळीची सुट्टी जवळ आली की पेण-रोह्याच्या पुष्कळ घरांतलं बोलणं या फाट्यावर अडतं. अलिबाग की मुरूड? घरातल्या थोरल्यांचा कौल बहुधा अलिबागला असतो, कारण ते जवळचं, ओळखीचं, सोयीचं. माझा कौल मुरूडला आहे. अलिबागचे हे तिन्ही गुण मला मान्य आहेत, पण ते कामाच्या गावाचे गुण आहेत. सुट्टीसाठी गाव निवडताना दुसरी फूटपट्टी लागते.

मुंबईच्या माणसाला अलिबाग म्हणजे गेटवेवरून सुटणारी लाँच, मांडव्याचा धक्का, आणि 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसं आणणारी रो-रो. त्याच्यासाठी पाणी ओलांडलं की सुट्टी सुरू होते. आपल्याकडे अलिबागचा अर्थ वेगळा आहे. तिथे कलेक्टर कचेरी आहे, जिल्हा परिषद आहे, जिल्हा न्यायालय आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे. जमिनीचा दावा, दाखल्याची खेप, आजाऱ्याला हलवणं, यासाठी पेण आणि रोह्याची माणसं वर्षानुवर्षं त्याच रस्त्यानं गेली आहेत. ‘अलिबागला जाऊन आलो’ असं इकडे कुणी म्हणालं, तर ऐकणारा आधी विचारतो, ‘काम झालं का?’ ज्या गावाच्या नावाला हा प्रश्न चिकटला आहे, तिथल्या वाळूवर बसूनही मन पूर्ण मोकळं होत नाही. शिवाय शनिवार-रविवारी वडखळ ते अलिबाग हा रस्ता मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरून जातो. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, पण त्यांवरून मालगाडीच धावते. म्हणजे जवळचं म्हणून निवडलेलं गाव त्या दोन दिवसांत तितकंसं जवळ राहत नाही.

‘समुद्र तो समुद्र, दोन्हीकडे पाणी तेच,’ असं यावर कुणी म्हणेल. पाणी तेच आहे हे खरं. आणि त्या पाण्याशी इथल्या माणसाचं नातं रोजचं, कष्टाचं आहे हेही खरं. धरमतरच्या खाडीचं खारं पाणी पेण तालुक्यात शेताच्या बांधापर्यंत येतं. वाशी-शिर्कीकडे उधाणाला बांधाला खांड गेली की भाताची जमीन खारी होते आणि ती पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जातात. मिठागरंही याच पाण्यावर. ज्यानं बांध राखत भरती मोजली, त्याला सुट्टीत नुसतं पाणी दाखवून काय मिळणार? त्याच्या घराला हवा असतो मुक्काम. अलिबाग पेणहून तीसेक किलोमीटर आहे, त्यामुळे संध्याकाळी परत येता येतं. आणि परत येता येतं म्हणूनच परत यावं लागतं: दूधवाला, कुलूप, उद्याची पाळी, सगळं पाठीशी उभं असतं. मुरूडहून त्याच संध्याकाळी परतणं जिवावर येतं, म्हणून माणूस तिथे रात्र काढतो. घरातली बाई एक रात्र आणि एक सकाळ चुलीपासून सुटते. माझ्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे.

मुरूडचा रस्ताही सुट्टीतच धरावा. रोह्याहून केळघरच्या घाटानं जवळ पडतं, पण वळणं फार. मुलांना गाडी लागत असेल तर कुंडलिकेच्या काठाकाठानं, चणेऱ्यावरून साळावला निघालेलं बरं. रोह्याच्या माणसानं ही नदी गावात पाहिलेली असते, पण तिचा शेवट किती जणांनी पाहिला असेल? मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि कुंडलिकेला मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. ज्या मुळशीसाठी सेनापती बापट लढले, तिथलं पाणी रोह्याच्या पुलाखालून जातं. साळावला पोचेपर्यंत नदीची खाडी झालेली असते. पलीकडे रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी, अलीकडे कोर्लईचा किल्ला, आणि या दोहोंच्या मधून ती समुद्रात जाते. त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. आपल्याच नदीच्या मुखाशी आपल्याला न कळणारी भाषा आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला दाखवण्यासारखं आहे. पुढे बोर्ली, काशीद, नांदगाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला फणसाडचं रान, जिथे एके काळी नवाबाची शिकार चालायची आणि 1986 पासून अभयारण्य आहे.

नवाब म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी. रोहा इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात होता, तर डोंगरापलीकडचं मुरूड 1948 पर्यंत वेगळ्या संस्थानाची राजधानी. जुनी माणसं त्या मुलखाला हबसाण म्हणत. सरहद्द पुसली गेली, तरी गावाचा चेहरा निराळा राहिला आहे. टेकडीवर नवाबाचा वाडा, खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, एकदऱ्याला कोळ्यांची वस्ती, आणि समुद्रात समोर पद्मदुर्ग. शिवाजी महाराजांनी तो कासा बेटावर उभारला तो जंजिऱ्याला शह म्हणून. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीनं जावं. होडी माणसांनी भरली की नाखवा बांबूनं रेटा देऊन तिला धक्क्यापासून सोडवतो. मग दोरी ओढली जाते, ठिगळं लावलेलं शीड एकदा फडफडतं आणि वाऱ्यानं फुगून ताठ होतं. त्या क्षणी होडीतलं बोलणं थांबतं. मोटरचा आवाज नसतो, नुसतं फळीला लागणारं पाणी ऐकू येतं. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत तटात कुठे आहे ते कळत नाही, आणि हा किल्ला लढून कुणाला का घेता आला नाही, ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही. अलिबागचा कुलाबाही मोठा किल्ला आहे, पण तिथे ओहोटीला चालत जाता येतं. जंजिऱ्यासाठी जमीन सोडावीच लागते.

मुरूडवर घेतला जाणारा सगळ्यात गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. काशीदलाही माणसं गेली आहेत. तिथला किनारा उतरता आहे, पाय पटकन सुटतो. पण यावरून मुरूड टाळावं असं ठरत नाही. भरती-ओहोटी न बघता पाण्यात उतरू नये, एवढं मात्र ठरतं, आणि हा नियम अलिबागलाही तितकाच लागू आहे. इथे पेणच्या माणसाला पुण्याच्या माणसाहून एक गोष्ट जास्त ठाऊक असते, निदान त्याच्या आजोबांना ती होती. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी. हिशेब ढोबळ आहे, पाव-अर्ध्या तासानं चुकतो, पण सुट्टीचा दिवस ठरवायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. अष्टमीनंतर दोन-तीन दिवस भांग असतो, पाणी मंद. पाण्यात खेळायचं ते पाणी चढत असताना, कारण उतरतं पाणी माणसाला आत ओढतं. त्यातही मुलांनी गुडघ्याच्या वर जाऊ नये, आणि काशीदला पाहून पुढे निघावं. तारीख ठरवताना रजेच्या अर्जाइतकंच भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथीकडे पाहिलं, तर या आक्षेपातला बराचसा भार हलका होतो.

दुसरा आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा. डुलत्या होडीत चढ-उतार करणं आजीला जमणार नाही, आणि मोठं हॉस्पिटल अलिबागला आहे. हे खरं आहे. ज्या घरात हृदयाचं किंवा श्वासाचं दुखणं ताजं आहे, त्यांनी खुशाल अलिबाग-नागावला राहावं. तिथे माझा युक्तिवाद मी मागे घेतो. पण ज्यांची आजी फक्त हळू चालते, त्यांनी तिला जंजिऱ्याला नेण्याचा हट्ट धरू नये, एवढंच. मुरूडचा किनारा लांब आणि सपाट आहे, गावाला लागून आहे. वाडीतल्या ओट्यावरून उठून ती आपल्या पायांनी वाळूपर्यंत जाऊ शकते. आणि वाडीतच उतरावं, हे आग्रहानं सांगण्याचं कारण आहे. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. नारळ-सुपारीची उभी झाडं एका दुपारी आडवी झाली. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं घेते. तोवर अनेक वाड्यांना आधार राहिला तो दोन-तीन खोल्यांचा आणि घरगुती जेवणाचा. तिथे दिलेले पैसे शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हातात पडतात, हा हिशेबही निवड करताना धरावा.

अलिबाग यात उणं ठरत नाही. कान्होजी आंग्र्यांची समाधी, अक्षीचा हजार वर्षांपूर्वीचा मराठी शिलालेख, मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून 1904 मध्ये कुलाब्याहून इथे हलवलेली चुंबकीय वेधशाळा, हे सगळं पाहण्याजोगं आहे. पण कामासाठी अलिबागला खेपा होणारच आहेत. कचेरीचं काम दुपारी उरकलं की तासभर काढून त्यातलं एकेक पाहता येतं. मुरूडला कुणाची तारीख पडत नाही, म्हणून तिथे मुद्दाम जावं लागतं.

राहिला दिवसाचा प्रश्न. गणपतीच्या कारखान्यांमुळे हमरापूर-जोह्याच्या घरांना उन्हाळ्याची सुट्टी फारशी लाभत नाही, पावसाळ्यात राजपुरीच्या होड्या बंद, आणि दसऱ्याला रोहेकर धावीर महाराजांच्या पालखीत गुंतलेले. उरते दिवाळी. भाऊबीजेनंतर आठवड्यानं कार्तिक शुद्ध दशमी येते. त्या दिवशी मुरूडला दुपारी दीडच्या सुमारास ओहोटी पुरी होते, तिथून अंधार पडेपर्यंत पाणी चढतं असतं, आणि दिवस भांगाचा असतो.