पाठशुद्धीचा हक्क

आम्ही राहतो सक्करदऱ्यात. हे वाक्य कागदावर लिहिणे सोपे. 2013 साली आमच्या मराठी विभागात आलेल्या पाच स्वस्त टॅबना मात्र ते जमत नव्हते. 'सक्करदऱ्यात'चे तिथे 'सक्करदर्यात' होई, डोंगरातल्या 'दऱ्या' पाहता पाहता 'दर्या' होऊन उसळत आणि 'आचाऱ्याला' दिलेला शिधा थेट 'आचार्याला' पोचे. वर्गात अर्थभेदासाठी आम्ही हीच जोडी फळ्यावर लिहितो. विद्यार्थ्यांनी आसपासच्या वस्त्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या या टॅबवर वाचायला ठेवाव्यात, असा आमचा बेत होता. तो पहिल्याच आठवड्यात अडला.

सक्करदरा चौकाजवळ मोबाइल दुरुस्त करणारा एक माजी विद्यार्थी आहे. त्याने टॅब उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, मशीन चांगली आहे. अँड्रॉइड जुनं आहे. नव्यात मराठी बरोबर दिसते. पण ते चढवायचं तर या टॅबच्या कर्नलचा सोर्स कोड पाहिजे, आणि तो कंपनीनं दिलाच नाही."

कर्नल म्हणजे यंत्राचे भाग आणि वरच्या आज्ञावली यांना जोडणारा गाभा. अँड्रॉइडचा हा गाभा लिनक्सचा आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 साली लिनक्सचा आरंभ केला आणि 1992 मध्ये ते ग्नू जनरल पब्लिक लायसन्सखाली आणले. रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयत्नांतून आलेल्या या परवान्याची दुसरी आवृत्ती 1991 ची. तिची अट थोडक्यात अशी : ही आज्ञावली फुकट घ्या, बदला, विका, मात्र यंत्रासोबत ती दुसऱ्याच्या हाती देताना बदलांसह सोर्स कोडही द्या. सोबत देणे जमत नसेल, तर मागेल त्याला तो केवळ पाठवणीच्या खर्चात देऊ, असे किमान तीन वर्षांसाठी लेखी कबूल करा.

आमच्या टॅबच्या खोक्यात असा कबुलीचा कागद होता. आम्ही रीतसर पत्र लिहिले, मग स्मरणपत्र लिहिले. उत्तर आले नाही. तीन वर्षे सरली.

आमच्या पेशात उसनवारीचा एक दोष परिचित आहे. दुसऱ्याचे लेखन घ्यायचे आणि त्याचे नाव गाळायचे, यास आपण वाङ्मयचौर्य म्हणतो. इथे प्रकार उलटा होता. ऋणनिर्देश सुबक छापलेला होता. ऋण तेवढे फेडायचे राहिले होते.

ही गोष्ट एका उत्पादकाची नव्हे. 2003 साली लिंक्सिसच्या एका वाय-फाय राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांनी ओळखले. तगादा लागल्यावर कंपनीने सोर्स कोड प्रसिद्ध केला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. पुढे कितीतरी राउटरना त्याने नवे आयुष्य दिले. 2004 मध्ये जर्मनीत हॅरल्ड वेल्टे यांच्या दाव्यावर म्युनिकच्या न्यायालयाने हा परवाना बंधनकारक मानला. 2021 मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीवर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने दावा लावला. त्याचे वेगळेपण असे, की तो लेखकाच्या नात्याने नव्हे, ग्राहकाच्या नात्याने लावला गेला. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर वाचकाने मूळ संहितेवर हक्क सांगितला.

हा हक्क आपल्या परंपरेला परका नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. प्रती हाती होत्या, म्हणून पाठशुद्धी शक्य झाली. चूक दिसते आहे, दुरुस्त करणारा माणूस चौकात बसला आहे, आणि संहिता मात्र कुलपात आहे, अशी अवस्था त्यांच्या वाट्याला आली असती तर?

तिसरे स्मरणपत्र लिहिता लिहिता आमची नजर विभागातल्या कपाटाकडे गेली. ज्या ओव्यांसाठी हे टॅब घेतले, त्यांच्या टंकलिखित प्रती त्यात कुलूपबंद होत्या. त्या ओव्या बायांनी आम्हाला फुकट दिल्या होत्या, कामाचा खोळंबा करून, वर चहा पाजून. आम्ही प्रस्तावनेत त्यांची नावे आदराने घातली होती. त्यांच्यापैकी एकीच्या नातीने प्रत मागितली, तेव्हा मात्र आम्ही तिला सांगितले होते, "पुस्तक निघू दे, मग बघू." पुस्तक निघाले नव्हते. दरम्यान दोन बाया गेल्या होत्या. आमच्याही खोक्यात ऋणनिर्देशाचा कागद होता आणि आमच्याकडेही पत्र येऊन पडले होते.

ते स्मरणपत्र अर्धेच राहिले. त्या आठवड्यात आम्ही सर्व ओव्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि घरोघरी नेऊन दिल्या. तिसऱ्या दिवशी ती नात विभागात आली. आजीच्या ओवीत आम्ही एक शब्द चुकीचा ऐकला होता, आणि त्या चुकीच्या शब्दावर अर्धे पान टीपही लिहिली होती. तिने पेनाने शब्द खोडून वर बरोबर लिहिला. टीप आम्ही खोडली.

ते टॅब अजून कपाटात आहेत. कपाटाला आता कुलूप नसते.