मुक्या जीवांचे ऋण

रोज रात्री जेवणापूर्वी आम्ही इन्सुलिनची सुई टोचून घेतो, मग जेवणाची प्रार्थना म्हणतो. त्या प्रार्थनेत शेतकऱ्यापासून स्वयंपाकघरातील बाईंपर्यंत सर्वांचे स्मरण होते. कुत्र्यांचे मात्र कधीच झाले नव्हते.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्यास मधुमेह जडला. रोगाचे मूळ असे सापडले. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी अशाच कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचला. त्यांच्या रक्तातील साखर उतरली. परंतु त्या प्रयोगांत कित्येक कुत्री दगावली. जानेवारी १९२२ मध्ये शुद्ध केलेला अर्क लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास मिळाला. तो सावरला आणि पुढे १३ वर्षे जगला.

मनुष्याचे प्राण वाचविण्यासाठी, वाजवी मर्यादेत, असे प्रयोग ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ ग्राह्य मानतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मात्र तो मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवितो. हे आम्ही इतरांना अनेकदा शिकविले. तथापि परवानगी मिळाली म्हणून उपकार फिटत नाहीत, हे स्वतःच्या पोटात सुई टोचल्यावर उमगले.

आता आमच्या प्रार्थनेत त्या मुक्या जीवांसाठी एक वाक्य वाढले आहे.