दोरीला ढील

शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत. परंतु ते जाळ्याचे. गळाचा उल्लेख एकदाच येतो. मत्तयच्या १७ व्या अध्यायात मंदिराचा कर मागितला जातो, तेव्हा प्रभू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगतो. पहिल्याच माशाच्या तोंडात दोघांच्या कराइतके नाणे सापडणार असते. सेमिनरीत हा उतारा मी नाण्यासाठी अभ्यासला होता. त्यातला गळ मला कळला तो वसईच्या खाडीवर, एका वृद्ध कोळी बांधवाच्या शेजारी बसून. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

मुलाने मनाविरुद्ध विवाह केल्यापासून तीन वर्षे या काकांचे त्याच्याशी बोलणे नव्हते. मी त्यांच्या घरी दोनदा गेलो आणि क्षमेविषयी जे सांगावयाचे ते सारे सांगितले. दुसऱ्या खेपेस ते शांतपणे म्हणाले, "फादर, प्रवचन मी रविवारी ऐकतोच." मी निमूटपणे उठून आलो. पुढे नोव्हेंबरातील एका संध्याकाळी मीच त्यांना विचारले, "काका, मला जिताडा धरायला शिकवाल?"

साहित्य पाहून मला नवल वाटले. ना काठी, ना रीळ. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली जाड नायलॉनची दोरी, शिशाचा गोळा, गळ आणि डब्यात जिवंत कोळंबी. कोळंबीच्या डोक्यावरील काट्याखालून गळ अलगद ओवावयाचा, म्हणजे ती जिवंत राहते. जिताड्याला हलते भक्ष्य लागते. भरतीचे पाणी चढू लागले की तो खडकाच्या आडोशाला दबा धरतो आणि प्रवाहाबरोबर येणारी लहान मासळी गिळतो. म्हणून दोरी लांब फेकण्यात पराक्रम नाही. ती खडकालगत पडली पाहिजे.

काकांनी दोरी माझ्या तर्जनीवर ठेवली. तासभर आम्ही बोललो नाही. एकाएकी बोटाला हिसका बसला आणि मी सर्व बळ लावून ओढले. पाण्याबाहेर एक रुपेरी अंग उसळले, त्याने मस्तक झटकले आणि दोरी हलकी झाली. तिचे टोक पात्याने कापल्यासारखे दिसत होते. जिताड्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड धारदार असते. ताणलेली दोरी तिच्यावर घासली की तुटते.

"घाई केलीत, फादर," काका म्हणाले. "तो पळेल तेव्हा दोरी सोडायची, थांबेल तेव्हा घ्यायची. हात मात्र काढायचा नाही."

दुसरी दोरी त्यांनी स्वतः धरली. अंधार पडल्यावर मासा लागला. ढील, ताण, पुन्हा ढील. अखेर चांगला चार किलोंचा जिताडा खडकावर आला. विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकत होते.

क्षमेविषयीचे एक वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. काका बराच वेळ माशाकडे पाहत उकिडवे बसून राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पोराला ह्याचं डोकं फार आवडायचं." आणि थोड्या वेळाने, "फादर, उद्या भाईंदरला जायला जमेल का?"

"जमेल," मी म्हणालो. त्याहून अधिक काही बोललो नाही.

मुलाने डबा घेतला आणि बापाच्या गुडघेदुखीची चौकशी केली. दोन दिवसांनी तो डबा घासूनपुसून माझ्याकडे आला. पण रिकामा नव्हता. आत नारळाच्या वड्या होत्या.

बापलेकांची भेट अजून झालेली नाही. माणूस म्हणजे मासा नव्हे आणि त्याला ओढून काठावर आणणे हे माझे काम नव्हे, इतके मी शिकलो आहे. मात्र डबा अधूनमधून खाडी ओलांडतो. पेत्राला सापडलेल्या त्या एका माशाने दोघांचा कर भागवला होता, हे मला आता वारंवार आठवते.