लोखंडाच्या मातीत तुळस

पत्रादेवीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि गोव्याचा पेडणे तालुका लागतो. पाट्या बदलतात, माती मात्र तीच राहते. सावंतवाडीपासून सोबत आलेली जांभ्याची लाल माती पुढे डिचोलीपर्यंत साथ करते. हा लाल रंग लोखंडाचा आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं असतात. त्यातलं लोह हवेशी आणि पाण्याशी मिळून गंजतं आणि दगड लाल होतो. खाणीतून ताजा काढलेला चिरा तासायला मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. इथली जुनी घरं या चिऱ्यांची, कुंपणं चिऱ्यांची आणि अंगणातली तुळशीवृंदावनंही बहुधा चिऱ्यांचीच.

पेडण्यात भगवती देवळाच्या दारातले दोन दगडी हत्ती पाहून गावातून हिंडलं, तर घरापुढची वृंदावनं लक्षात येतात. कुठे साधा चौथरा, कुठे रंगवलेले कोनाडे आणि कमानी. आपण त्यांच्याकडे पूजेची जागा म्हणून बघतो. पण बागकामाच्या नजरेने पाहिलं तर वृंदावन म्हणजे एक उत्तम कुंडी आहे. कंबरेइतकी उंच, त्यामुळे गुरं-कोंबड्यांपासून रोप सुरक्षित. भिंती जाड, म्हणून मुळं तापत नाहीत. दगड सच्छिद्र, म्हणून पाणी साचत नाही. गोव्याच्या पावसात हे सगळं फार कामाचं.

या कुंडीला इतिहासही आहे. 1736 साली गोव्यातल्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढून घरात, अंगणात तुळस लावायला मनाई केली. हे तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत लागू झालं. पेडणे आणि डिचोली तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होते. हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले ते 1781 ते 1788 या काळात, आणि नव्या काबिजादींतल्या लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. म्हणून एका नदीच्या अलीकडे तुळस गुन्हा होती आणि पलीकडे रोजची पूजा. देवांनीही हीच वाट धरली होती. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदी ओलांडून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथे त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

पेडण्याहून कोलवाळचा पूल, म्हापसा, असनोडा, मुळगाव असं करत डिचोलीला पोचलं की मातीतल्या लोखंडाची दुसरी गोष्ट दिसते. मुळगाव, शिरगाव, डिचोली या पट्ट्यात खाणी आहेत. इथलं खनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर, तिथून बार्जांनी मुरगाव बंदरात आणि पुढे जहाजांनी जपान-चीनला जात राहिलं. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. त्याच गावांनी शेतात येणारा गाळ आणि आटलेल्या विहिरीही पाहिल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं आणि 2018 मध्ये 88 लीज रद्द झाल्याने परत बंद पडलं. लिलावांनंतर आता काही खाणी पुन्हा सुरू होत आहेत. डोंगर देऊन आपण काय घेतलं, हा प्रश्न इथल्या प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो.

आता तुमच्या-आमच्या घराकडे येऊ. अंगण गेलं, फ्लॅट आला. चिऱ्यांचं वृंदावन बांधायला जागा नाही आणि प्लॅस्टिकच्या कुंडीत तुळस दोन पावसाळे जेमतेम काढते. अशा वेळी फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा कापून घेऊन घरीच मोठी स्टीलची कुंडी जुळवणं शक्य आहे. फक्त हवामान ओळखून करायला हवं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी पेटी धरा. 2 मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर रिकाम्या पेटीचं वजन सुमारे 33 किलो होतं. ओली माती भरली की तीच 400 किलोच्या आसपास जाते. खाली जागा फक्त 6 चौरस फूट, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ 700 किलो. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर चालता भार धरून बांधतात. त्यामुळे ही पेटी अंगणात खुशाल ठेवा; गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवायची तर आधी इंजिनीअरला विचारा, आकार लहान करा आणि मातीत कोकोपीट मिसळून वजन उतरवा.

पत्रा कोणता? परदेशी बागांच्या फोटोंत दिसणारं सुंदर तांबूस स्टील म्हणजे कॉर्टेन. त्यावर गंजाचा एक घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. पण त्यासाठी पत्रा भिजून पुन्हा वाळायला हवा. चार महिने ओलं राहणाऱ्या गोव्यात आणि मोरजी-केरीच्या खाऱ्या वाऱ्यात तो थर नीट बसत नाही, पत्रा पोखरत जातो. 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरही समुद्रकाठी तांबूस डाग पडतात. 316 जास्त टिकतं, पण महाग. बहुतेक घरांना जस्ताचा थर असलेला जाड जीआय पत्रा पुरे. वेल्डिंग करताना जोडावरचं जस्त जळतं, म्हणून तिथे झिंक प्रायमर आणि वर रंग लावायचाच. त्या धुराने ताप भरतो, तेव्हा वेल्डिंग मोकळ्या हवेत आणि जाणकाराकडूनच करून घ्या.

बाकी कामं घरच्यांनी मिळून करण्यासारखी आहेत. ओल्या मातीच्या दाबाने लांब बाजू फुगतात, म्हणून वरची कड इंचभर आत वळवून घ्या आणि मधोमध एक आडवी पट्टी लावा. तळाला 12 मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडा. दोन इंचांचे पाय लावा, म्हणजे तळ कोरडा राहतो. कापलेल्या कडा कानशीने घासा, मुलांचे हात लागतात. उन्हात पत्रा तापतो आणि कडेची मुळं होरपळतात. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. नारळाची सोडणं आतल्या भिंतींना लागून उभी रचा. ती ऊन अडवतात, ओल धरतात आणि कुजली की बदलता येतात. तळाशी चिऱ्याचे तुकडे, वर माती, वाळू आणि शेणखत. तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो, म्हणून केमिकलचं जुनं पिंप कापून कुंडी करू नका.

मधोमध तुळस लावा आणि दोन्ही बाजूंना अबोली. अबोलीला सावलीचा थोडा स्पर्श चालतो, तुळशीला मात्र रोज पाच-सहा तास ऊन हवं. जूनमध्ये रोप लावलं तर कार्तिकात, गोव्यातल्या व्हडल्या दिवाळीला, तुळस लग्नाला उभी राहण्याइतकी होते. मग ऊस बांधायला पेटीच्या कडेला दोन कड्या आधीच वेल्ड करून घेतलेल्या बऱ्या. चिंच-आवळे घालायला वर जागा आहेच.

स्टील चिऱ्यासारखं शंभर वर्षं टिकणार नाही. दर दोन वर्षांनी खरवडून रंग द्यावा लागेल. ते काम मुलांकडे सोपवा आणि हातात लाल गंज आला की त्यांना सांगा, की पेडण्या-डिचोलीच्या वाटेवरची माती याच रंगाची आहे आणि याच कारणाने. एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्यांना ती वाट दाखवा. नार्व्याचं देऊळ बघा, मुळगावच्या बाजूचा कापलेला डोंगर बघा आणि येताना डिचोलीच्या कुंभाराकडून एक पणती घ्या. कुंडीपुढे रोज संध्याकाळी लावायला तीच बरी.