इंडक्शन

तुमच्या इंडक्शनला काय काय होतं? माझ्या वेळी एसी हॉल, कंपनीचा लोगो असलेला मग, टी-शर्ट आणि 'स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगा' हा हमखास घाम फोडणारा कार्यक्रम होता. माझ्या धाकट्या भावाच्या इंडक्शनला न्हावी होता. पाच मिनिटांत सगळी बॅच सारखीच दिसायला लागली.

भाऊ पोलीस शिपाई आहे. आम्ही पंढरपूरचे. एरवी, गर्दी नसताना, पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात गेलात तर भरतीची पोरं धावताना दिसतील. आम्ही दोघंही त्यातलेच. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की वीसपैकी वीस गुण. मला ते जवळजवळ जमायचं. जमली नाही ती उंची. १६५ सेंटिमीटर लागते, मी १६३वर अडकलो. मग डिग्री, पुणे, हिंजवडी, लॅपटॉप. धाकटा उंचीत माझ्या पुढे गेला आणि भरतीतही.

फौजदार घडतात नाशिकच्या अकादमीत. १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झालेली ही शाळा १९०९मध्ये नाशिकला गेली. शिपायांसाठी सोलापूर, खंडाळा, जालना, नागपूर, अकोला अशी वेगळी केंद्रं आहेत. मुक्काम नऊ महिन्यांचा. पहाटे शिट्टी, पीटी, कवायत आणि मग घामेजल्या अंगाने कायद्याचा तास. तिथेही सगळं नवीन. खून म्हणजे ३०२, हे आपल्याला हिंदी सिनेमाने शिकवलेलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम झालं १०३.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"दादा, लय झालं. मला न्यायला ये."

"काय झालं? कुणी मारलं?"

"नाय रे. दिवसभर नुसतं उभं करतेत. सावधान, विश्राम. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाय. हललं की रगडा. अजून हातात रायफल नाय का लाठी नाय. उभं राहायला काय शिकायचं असतंय?"

खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. जे मला मिळालं नाही, ते त्यालाही झेपत नाही, असं काहीतरी. लाज वाटावी असाच तो क्षण होता. "रविवारी येतो, तोवर थांब," म्हणालो. त्यात शहाणपण काही नव्हतं. शनिवारी आमचं रिलीज होतं, एवढंच.

रविवारी बाइकला दुसरं हेल्मेट अडकवून निघालो. डब्यात आईने दिलेली धपाटी आणि शेंगाचटणी. गेटवर आला तो काळवंडलेला, गालफडं बसलेला. पण पाठ सरळ. तीन धपाटी संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "उस्तादांनी काल विचारलं, पंढरपूरचा ना तू? गर्दी बघितली असशील. गडबड झाली की माणसं कुणाकडं बघतेत?"

"कुणाकडं?"

"वर्दीकडं. वर्दी पळाली की सगळी पळतेत, मग पायाखाली कोण येतंय ते कळत नाय. म्हणून आधी उभं राहायचं. आणि म्हणाले, तुमच्या गावचा देव तरी दुसरं काय करतोय?"

दोघंही हसलो. हेल्मेटचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. ते रिकामंच परत आलं.

पासिंग आउटनंतरच्या पहिल्या आषाढीला त्याची ड्युटी लागली पंढरपुरात. परजिल्ह्यांतून बंदोबस्त येतो, त्यातला तो एक. दिवसभर घरी फिरकला नाही. संध्याकाळी मी आणि आई महाद्वार घाटाकडे निघालो, तर बोळाच्या तोंडाशी तोच उभा. पाऊस भुरभुरत होता, पायाखाली चिखल. अचानक मागून रेटा आला. कुणाचं तरी पोर रडायला लागलं, एक आजीबाई गुडघ्यावर आल्या. माझ्या पोटात गोळा. मी आईचा दंड घट्ट धरला. तो जागचा हलला नाही. दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने, पण न ओरडता म्हणाला, "सावकाश माउली, सावकाश. जागा आहे." मिनिटभर. मग रेटा ओसरला, आजीबाईंना कुणीतरी उठवलं आणि माणसं पुन्हा चालायला लागली.

त्याने आम्हाला पाहिलं होतं. नुसतं डोळ्यांनी ओळख दिली. मी हाक मारणार, तोच आईने माझा हात दाबला. "नको रे. ड्युटीवर हाय त्यो."

आमच्या ऑफिसात रोज सकाळी 'स्टँड-अप' मीटिंग असते. पंधरा मिनिटांची. पाचव्या मिनिटाला सगळे भिंतीला टेकलेले असतात. हल्ली मी टेकत नाही.