गाठीच्या शेजारणींना

मायक्रोग्लिया पेशींनो,

बायोप्सीच्या काचेवर तुम्हाला तपकिरी रंगात पाहणं हा माझा रोजचा उद्योग. निरोगी मेंदूत तुमच्या बारीक फांद्या चहूकडे पसरलेल्या असतात. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या गाठीजवळ मात्र तुम्ही फांद्या आखडून फुगलेल्या, गोलसर दिसता. आणि दाटी तरी किती! रक्तातून येणाऱ्या मॅक्रोफेज हे तुमचे भाऊबंद धरले, तर काही गाठींत निम्म्याच्या आसपास पेशी तुमच्याच निघतात.

पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 मध्ये स्पेनमध्ये चांदीच्या क्षाराने रंगवून तुमची वेगळी ओळख पटवली. गर्भावस्थेतच तुम्ही मेंदूत शिरता आणि राखण करता. जंतू दिसला, पेशी मेली, की धावता. मग कर्करोग समोर फोफावत असताना गप्प का?

गप्प कसल्या, तुम्ही त्याला वाट करून देता, हे मला फार लागतं. गाठ सीएसएफ-1 सारखे रेणू सोडून तुम्हाला बोलावते. तिच्याच इशाऱ्यावर तुम्ही पेशींमधलं जाळं कुरतडणारी विकरं बनवता, आणि त्या फटींतून कर्कपेशी दूरवर सरकतात. वर टीजीएफ-बीटा हा रेणू सोडून कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींचं बळ काढून घेता. सर्जनने दिसणारी गाठ काढली तरी ती परत येते, त्याला ही पसरलेली पेरणीच कारण. या गाठीवरच्या 2005 च्या मोठ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेलं. घरच्यांसाठी ते अडीच महिने मोलाचेच, पण पुरेसे नाहीत.

दोष एकट्या तुमचा नाही. चेतापेशीही गाठीशी थेट जोडण्या करून तिला वाढवतात, हे 2019 मध्ये स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या गटांनी दाखवलं.

तुम्हाला मारून टाकावं असं मला वाटत नाही. 2013 मध्ये उंदरांत सीएसएफ-1 चा संदेश घेणारा पेशीवरचा ग्राहक रोखला, तेव्हा गाठीतल्या तुमच्यासारख्या पेशी जगल्या, फक्त त्यांचं वागणं पालटलं, आणि गाठी आक्रसल्या. माणसांत त्याच धर्तीच्या औषधाने निराशा केली. तरी मार्ग तोच, असं माझं ठाम मत आहे: तुम्हाला आपल्याकडे वळवायचं. आमच्या नेहमीच्या रिपोर्टात गाठीची जनुकं असतात, तुमच्या अवस्थेबद्दल ओळही नसते. ती ओळ मला लिहायची आहे.