एका मोजणीवर निकाल नको

उर्दू माध्यमातून आलेल्या एका मुलीला मी पहिल्याच मराठी श्रुतलेखनावरून ‘कच्ची’ ठरवलं. आठवड्याने तसाच उतारा तिने जवळजवळ बिनचूक लिहिला. विचारलं, तर म्हणाली, “टीचर, त्या दिवशी सहेरीनंतर झोपच झाली नव्हती.”

मेंदूच्या चुंबकीय उत्तेजनाविषयी वाचताना ती आठवली. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत दाखवली. डोक्यावर तारेचं वेटोळं धरून क्षणभराचा चुंबकीय झटका देतात. हाताचा स्नायू हलतो, त्याची विद्युत नोंद होते. माणूस निरोगी, झटका तेवढाच, जागा तीच. तरी प्रत्येक नोंद वेगळी! हात जरा आवळला, वेटोळं किंचित सरकलं, की आकडा बदलतो. म्हणून अनेक झटक्यांची सरासरी काढतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. स्नायू हलायला किमान किती जोर लागतो, हे माप त्यामानाने स्थिर असतं. निरोगी माणसातला हा चढउतारच ठाऊक नसेल, तर रुग्णात दिसलेला फरक उपचाराचा की आपोआप झालेला, हे कसं सांगणार?

त्या मुलीची मी माफी मागितली. आता पहिल्या पेपरवर मी गुण लिहिते; शेरा लिहीत नाही.